फळीवर ठेवून घेतलेली बाटली

आमच्या शहरातल्या गढा भागाच्या बाजारात जडीबुटीचं दुकान चालवणारे एक काका आहेत. गुडघे, पोट, झोप, कसलीही तक्रार सांगा, त्यांचा हात आधी बरणीकडे जातो आणि मग ते विचारतात, "अच्छा, कधीपासून?" माझ्यासाठी मात्र त्यांनी आजवर एकही बरणी उघडलेली नाही. माझं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं.

एकदा शेजाऱ्याने ताकदीसाठी म्हणून नोनी नावाच्या फळाच्या रसाची बाटली दिली. माझी शाळा चौथीतच सुटली आणि घरचे सगळे तिकडे वर्ध्याला. बाटलीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला मी काकांकडेच गेलो.

"नैसर्गिक आहे म्हणतात," मी भीत भीत सांगितलं.

"केळं काय कारखान्यात बनते, भैया? तुमाले चालते काय?"

"नाही. पोटॅशियम वाढते."

"मग? डॉक्टरले विचारलं काय?"

त्यांनी बाटली स्वतःच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावरचं सगळं एका कागदावर उतरवून दिलं. "हे दाखवा. चलो, चहा सांगतो... नाही, तुमचं तर पाणीबी मोजलेलं."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि साफ नाही म्हटलं. या रसात पोटॅशियम फार, तुमच्या हृदयाला धोका, म्हणाले. परत येताना पाय आपोआप गढ्याकडे वळले. माझं ऐकून काकांनी बाटली उघडली, एक मोठा घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"तुमी वाचले, भैया. चवबी काही धड नाही."