तिसऱ्या फेरीची वाट

डेरियन आणि ओलिव्हिए एकाच गल्लीतले, नान्तच्या एकाच मठात लॅटिन घोकलेले. डेरियनचं अक्षर मोत्यासारखं, ओलिव्हिएचं म्हणजे कोंबडीचे पाय. पण डेरियन अझेनोरशी लग्न करून बसला, आणि संसारी माणसाला चर्चमध्ये वर चढायची वाट नसते. ओलिव्हिए पाद्री झाला, मग बिशप, आणि शेवटी ड्यूकचा चान्सेलर, म्हणजे त्याची मुद्रा सांभाळणारा मुख्य कारभारी. ड्यूकची चांदीची मुद्रा त्याच्या गळ्यातल्या थैलीत असायची. त्याच्याच दफ्तरात डेरियन हुकूम खरडायचा आणि मुद्रेसाठी मेण वितळवायचा.

"ओलिव्हिए किती साधा राहिलाय हो," अझेनोर म्हणायची. "परवा मला बघून बाजारात घोडा थांबवलान."

"घोडा दमला असेल," डेरियन म्हणायचा. मग त्याला घास गोड लागायचा नाही.

त्याला एकच आशा होती. ड्यूक मेला की चान्सेलरने तिथल्या तिथे मुद्रा फोडायची, म्हणजे मेलेल्याच्या नावाने कुणी खोटे हुकूम काढू नयेत. मुद्रा फुटली की चान्सेलरकी संपली. त्या हिवाळ्यात ड्यूकने अंथरूण धरलं आणि डेरियनला बरं वाटू लागलं. अशा वेळी बरं वाटणं पाप आहे हे त्याला कळत होतं, तरी वाटत होतं.

एका सकाळी कॅथेड्रलची मृत्युघंटा सुरू झाली. दफ्तरात दोघेच होते. ओलिव्हिएने मुद्रा काढून ऐरणीवर ठेवली, हातोडा उचलला आणि थांबला.

"घाल की घाव," डेरियन म्हणाला. "खुर्ची सोडवत नाही होय?"

"घंटा पुरी होऊ दे रे."

पुरुष गेला तर ठोक्यांच्या तीन फेऱ्या, बाई गेली तर दोन, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. दुसरी फेरी संपली. डेरियनला दम निघेना. त्याने हातोडा हिसकावून घाव घातला आणि मुद्रेचे दोन तुकडे झाले. लग्नाच्या दिवशीही त्याला इतकं सुख झालं नव्हतं.

तिसरी फेरी वाजलीच नाही. मेली होती ती ड्यूकची म्हातारी आत्या.

जिवंत ड्यूकची मुद्रा फोडणाऱ्याला फाशी होती. डेरियनने ओलिव्हिएचा झगा धरला. "ओलू, माझी पोरं लहान आहेत रे."

"बिशपला फासावर चढवत नाहीत," ओलिव्हिए म्हणाला. तुकडे थैलीत भरून तो ड्यूककडे गेला आणि घाव आपणच घातला, असं सांगून आला. संध्याकाळपर्यंत त्याची चान्सेलरकी गेली.

डेरियनचा नवस फळला होता, पण त्याला रडू येत होतं, आणि ते पश्चात्तापाचं नव्हतं. लेकाचा ओलिव्हिए पडतानाही वरच राहिला, याचं होतं.

घरी अझेनोर डोळे पुसत बसली होती. "एवढा मोठा माणूस, पण चूक झाली तर सरळ कबूल केलान. तुम्हाला जमलं असतं?"

"नाही," डेरियन म्हणाला.