धोंड्याचा जावई आणि उलटी प्लेट

राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तोच राग कधी कधी मी तोंड मिटून काढतो, हे मात्र कुणाला ठाऊक नाही. एका माणसाला ते कळलं असावं, अशी मला आजही भीती वाटते. तो माणूस म्हणजे माझे सासरे.

तेव्हा मी खामगावला एका गॅरेजात मिस्त्री होतो. अधिक महिना लागला होता आणि धोंड्याच्या जेवणासाठी आम्ही नवरा-बायको माझ्या सासुरवाडीला, वरवट बकालला गेलो होतो. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं एरवी थट्टेनं म्हणतात. या महिन्यात मात्र त्याचा देव करून ठेवतात. पुरणाचे धोंडे, नवे कपडे, बसल्या जागी पाणी. पायजमा-सदरा पांढराशुभ्र होता आणि मी त्यात अवघडून बसलो होतो.

आदल्या हंगामात बोंडअळीनं गावचा कापूस खाल्ला होता. बीटीला अळी लागत नाही, या भरवशावर सगळे निवांत राहिले आणि बोंडं फोडली तर आत गुलाबी अळ्या. सासऱ्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून अंगणात सरपणाला रचल्या आणि कापसाचं नाव टाकलं. मग कुठूनशी एक जुनी व्हॅन आणली. तालुक्याच्या एका शाळेला मुलं नेण्या-आणण्यासाठी गाडी हवी होती. सोमवारी सकाळी आठ वाजता शाळेचे लोक गाड्या पाहणार होते. ते काम मिळालं तर सासू-सासरे गावात राहणार होते, नाहीतर सुरतेला मुलाच्या एका खोलीत. सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या देतानाच सांगितलं, "मले नाही जायचं सुरतेले. तिथं दार उघडलं का समोर दुसऱ्याचं दार."

आणि शनिवारी गाडीचा क्लच गेला. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. गावातले गॅरेजवाले चाचा नेमके बाहेरगावी गेलेले. सासऱ्यांनी शेगावहून नवी क्लच-प्लेट आणली आणि रविवारी सकाळी गाडीचं एक अंग दगडांवर चढवलं. मी बाह्या सरसावून उठलो.

"बसा जावईबापू," ते म्हणाले. "धोंड्याच्या जावयाले कोनी गाडीखाली घालते काय? लोक तोंडात शेन घालतीन माह्या."

"मामाजी, माझं रोजचंच काम आहे. दोन तासांत करतो."

"तुमचं काम खामगावले. इथं तुम्ही पाहुने. मी चाचाले दोनदा करताना पाह्यलं आहे."

मग मी बाजेवर बसून चहा पीत राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत माझंच काम दुसरा माणूस करत राहिला. याहून मोठी शिक्षा मिस्त्रीला नाही. खरं सांगायचं तर त्यांचा हात वाईट नव्हता. गिअरबॉक्स त्यांनी नीट उतरवला. नवी प्लेट मधोमध बसवायला एक दांडा लागतो. तो नव्हता, तर त्यांनी ढिगातून जाडशी पऱ्हाटी काढली, विळ्यानं तासली आणि मापात आणली. मी मनातल्या मनात वाहवा केली.

तोवर शेजारचे दोघे-तिघे येऊन टेकले होते. मला राहवेना. मी म्हटलं, "मामाजी, प्लेट लावल्यावर बोल्ट एका बाजूनं आवळू नका, समोरासमोरचे आवळा."

ते गाडीखालूनच म्हणाले, "जावईबापू, तुम्ही धोंडे खा. गाडीचं आमी पाहून घेऊ."

सगळे हसले. बोलणं थट्टेचंच होतं, पण मला ते झोंबलं. कामातलं मला कळतं, तेवढंच तर माझं आहे, आणि त्यावरच हसले.

त्यानंतर त्यांनी प्लेट हातात घेतली. तिची एक बाजू सपाट असते, दुसरीला मधोमध स्प्रिंगांचा फुगवटा असतो. फुगवटा गिअरबॉक्सकडं जातो. त्यांनी ती क्षणभर फिरवून पाहिली आणि शेजाऱ्यांना म्हणाले, "हे तिचं तोंड. इंजिन म्हनजे गाडीचा देव. देवाकडे पाठ कशी करू?" आणि फुगवटा इंजिनाकडं करून प्लेट बसवली.

मी उभा राहिलो होतो. गाडीच्या उचललेल्या अंगानं मला स्वच्छ दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी ते बोललो नाही. मनात म्हटलं, घ्या आता पाहून. मग आत गेलो आणि खरंच दोन धोंडे खाल्ले.

दिवेलागणीला गाडी चालू झाली. क्लच पार खाली दाबला तरी गिअर पडेना, नुसती करकर. सासऱ्यांनी पाच-सहा वेळा दाबून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं की आता ते मला हाक मारतील, मी ऐटीत उठेन, आणि तासाभरात सगळं ठीक होईल. इतका मी मूर्ख होतो. तेवढ्यात वीज गेली आणि पहाटेपर्यंत आलीच नाही.

उजाडताच मी नवे कपडे काढून ठेवले, सासऱ्यांची जुनी लुंगी नेसलो आणि न विचारता गाडीखाली शिरलो. आता त्यांनी अडवलं नाही. मी खोलत असताना ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर शाळेत गेले, दुपारपर्यंत थांबा म्हणून विनवायला. परतले तेव्हा अकरा वाजले होते. शाळेनं दुसरी गाडी लावून टाकली होती. प्लेट तोवर सुलटी बसली होती. गाडी अशी मऊ चालली की मला शरम वाटली. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

पोळा झाल्यावर दोघं सुरतेला निघाले. गाडी भंगारवाल्यानं नेली, घरची म्हैस सासूबाईंच्या नणंदेकडं गेली. मी शेगावला त्यांना रेल्वेत बसवायला गेलो होतो. सासूबाई खिडकीशी बसल्या. सासरे फलाटावर माझ्याजवळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, एक विचारू? मी प्लेट लावून राह्यलो होतो तवा तुम्ही उभे झाले होते. तुम्हाले दिसली होती काय?"

मी म्हटलं, "नाही मामाजी. तुमची पाठ आड आली."

"हाव," ते म्हणाले. "तुमच्या सासूले मी तेच सांगतलं."