आबांचं बुटकं बाक

आबांची सुतारी साऱ्या गल्लीला ठाऊक. त्यांनी जोडलेल्या खुर्चीचा सांधा शोधायचा तर नख फिरवून बघावं लागे. पण उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, आबांचा भरवसा मात्र जुळेना. पटाशी हातात धरली की मनात पाल चुकचुकायची. रोज सकाळी प्रार्थना करायचे, "प्रभू, हात पहिल्यासारखा कर," आणि आमेन म्हणता म्हणता मूठ आवळून बघायचे, झाला की नाही.

अशात एकदा चर्चचे पाळकसाहेब घरी आले. उपासनेला मुलं पार मागे, भिंतीशी चटईवर बसत. त्यांना मोठ्यांच्या पाठी तेवढ्या दिसत.

"येशूनं लेकरांना जवळ घेतलं आणि आपण मागे बसवतो," पाळकसाहेब म्हणाले. "पहिल्या रांगेत ठेवायला एक बुटकं बाक करून द्या, आबा. या रविवारी हवं."

"दुसऱ्या कुणाला सांगा. मोडलं तर लेकरं पडतील."

"तुम्हालाच सांगतोय," म्हणत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालेसुद्धा.

आतून आजीनं टोला हाणला, "प्रभूसुद्धा सुतारच होता हो. त्यानं नाही असं रडगाणं गायलं!"

आबांनी बाक केलं. सांधे नेहमीसारखेच घट्ट बसले, पण मन मानेना. खालून एक आडवी पट्टी ठोकली, मग दुसरी, मग चारही कोपऱ्यांना तिरके टेकू. वर वाळूची पोती रचली आणि स्वतः जमिनीवर आडवे होऊन खालून बघत राहिले. बाक कसलं, पिंजराच झाला तो.

शनिवारी नात आली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी ठरणं तिला माहीतच नव्हतं. तिनं एक पोतं ढकललं आणि टुणकन बसली. पाय मागे घेतले तशी टाच पट्टीवर आपटली.

"आई गं! आबा, पाय कुठे ठेवायचे?"

"समोर ठेव."

"मग मी घसरते. या पट्ट्या कशाला?"

"बाक मोडू नये म्हणून."

"पण तूच केलंयस ना?"

"म्हणून तर!"

"तू केलेलं कसं मोडेल?" आबा थट्टा करताहेत असं समजून ती हसली आणि बसल्या जागी उड्या मारायला लागली.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऊठ जरा." त्यांनी पक्कड घेतली. खिळे उपसले, टेकू काढले, दोन्ही पट्ट्या बाजूला टाकल्या. "आता बस."

भिंगरीनं पाय मागे-पुढे झुलवले. "आता बरंय."

रविवारी त्या बाकावर मुंगीला जागा उरली नाही, इतकी मुलं दाटीवाटीनं बसली. गाणं सुरू झालं तशी सगळी एका लयीत डुलायला लागली. तिसऱ्या रांगेत आबांचा जीव टांगणीला. प्रार्थनेला माना झुकल्या तसं आजीनं कोपर मारलं.

"डोळे मिटा."

"मिटलेत."

"एक उघडा आहे."

पुढे एकही मूल वाकून सांधे बघत नव्हतं. भिंगरीनं मागे वळून पाहिलं, पण बाकाकडे नाही, आबांकडे. हसली आणि पुन्हा सगळा भार टाकून बसली.

आपण मात्र देवापुढे बसतो तेही अर्धा भार स्वतःच्या पायांवर ठेवून, आबांच्या मनात आलं. त्यांनी दुसराही डोळा मिटला. "प्रभू, हात..." नेहमीची ओळ सुरू केली आणि थांबले. "हात तुझ्यावर सोपवला," एवढंच म्हणाले.

आमेन झालं. मूठ आवळून बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.