दोन बैल, एक मुलगी, एक पाटी

एका मुलीला सव्वा मैलावरच्या शाळेत पोचवायला माझे साडू जेवढा खटाटोप करीत, तेवढ्या खटाटोपात एखाद्या राजाने शेजारचा मुलूख जिंकून घेतला असता. मी मोजणीच्या कचेरीत केस पिकवलेला माणूस आहे, वाढवून सांगायची मला सवय नाही, म्हणून आकडेच देतो. साडूंचं गाव आष्टीच्या पलीकडे, जिथे आपली मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, संपते आणि इंग्रजी मुलूख लागतो तिथे, अगदी हद्दीला चिकटून. मराठी शाळा पलीकडे, इंग्रजी हद्दीत. गावातली अकरा पोरंपोरी रोज पायवाटेने शाळेत जात. वाटेत एक ओढा, त्याला घोट्याइतकं पाणी. मी घड्याळ लावून पाहिलं, बरोबर तीस मिनिटं लागली. गाडीरस्ता मात्र वळसा घालून तीन मैलांचा, आणि मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजाम सरकारची जकातीची चौकी. त्या वाटेने दमणीतून, म्हणजे लहान बैलगाडीतून, जायला एक तास पंचेचाळीस मिनिटं. साडू आपल्या गोदीला रोज या दुसऱ्या वाटेने नेत.

गोदी आठ वर्षांची. साडूंनी तिच्यासाठी ज्या ज्या गोष्टींची भीती बाळगली होती त्यांची मी एकदा मनात यादी करू लागलो, तर एकतिसाव्यावर थांबलो. गावाबाहेरच्या तीन विहिरींना त्यांनी पदरच्या पैशाने काट्यांचं कुंपण घातलं होतं, आणि त्यांतली एकही विहीर त्यांची नव्हती. बोरं खायला बंदी, कारण बी घशात अडकते. उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा गोदीचं दप्तर उचलायला गेलो, तर ते हातातून निसटलं. आत पाच शेरांचा दगड. मी हबकून विचारलं, हे कशाला? साडू अगदी शांतपणे म्हणाले, "वावटळीत पोर उडतं, साडूभाऊ. मी पाह्यलंय."

"कुणाचं पोर उडालं?"

"पोर न्हाई, टोपी उडालती. पर टोपीखाली पोर व्हतंच की."

मी माझ्या मेहुणीकडे पाहिलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दाजी, दगड लहान हाय. आधी याच्याहून मोठा व्हता." मला हसू आलं ते मी गिळलं, कारण हसू येण्याजोगं ते सगळंच नव्हतं. गोदीच्या आधीची तीन मुलं त्या घरातून गेली होती, दोन तर एकाच आठवड्यात. साडू त्याबद्दल कधी बोलत नसत. ते फक्त दगड ठेवीत, कुंपण घालीत आणि बैल जुपीत.

दमणीची कथा वेगळीच. तळाला हातभर गवत, म्हणजे पोरीला दणके बसू नयेत. आता जकातीच्या चौकीवर गवताने भरलेली गाडी रोज जाते आणि रोज येते, हे पाहून कुठल्या जवानाच्या मनात संशय येणार नाही? तो लोखंडी सळई घेऊन गवत टोचून बघे. पहिल्या दोन महिन्यांत त्या सळईने गोदीच्या सात पाट्या फोडल्या. साडू दर वेळी गाडीसमोर आडवे होऊन म्हणत, "आदी पोरीला उतरू द्या, मग टोचा." पोरीला उतरवायचं, ऊन लागू नये म्हणून छत्री धरायची, गवत टोचायचं, पोरीला चढवायचं. मागे मालाच्या गाड्या तुंबलेल्या, गाडीवान शिव्या देताहेत, आणि तेवढ्यात ओढ्याच्या वाटेने गेलेली अकरा पोरं शाळेत बसून दोन धडे शिकलेली. शेवटी नाक्यावरचे मुन्शी कंटाळले. भला माणूस. त्यांनी उर्दूत एक परवानाच लिहून दिला: दोन बैल, एक मुलगी, एक पाटी, सकाळी बाहेर, त्याच दिवशी परत. परवान्यात लिहिलेलं सगळं परत आलं की सायंकाळी नोंद बंद व्हायची. साडूंनी तो कागद मेणकापडात गुंडाळून छातीशी ठेवला होता. मला दाखवताना म्हणाले, "बगा, आता सरकारबी पोरीवर लक्ष ठेवतंय."

मी तिकडे गेलो होतो त्याला कारण होतं. माझी यमू नऊ वर्षांची. बीडला तेव्हा मुलींना मराठी शिकवायची सोय नव्हती, आणि घरी येऊन शिकवणारे मास्तर गाव सोडून गेले. मेहुणी म्हणाली, ठेवा तिला माझ्याकडं, दोघी बहिणी जातील शाळंला. माझी बायको तयार होती. मी मात्र पोरीचं जाणं-येणं स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणणार नव्हतो. म्हणून यमूला घेऊनच गेलो, आणि पहिल्या दिवशी आम्ही चौघे दमणीत बसलो.

नाक्यावर मुन्शींनी परवान्याच्या मागे जोड लिहिली, पाहुणी मुलगी, नग एक, पाटी एक. मला त्यांनी लिहिलं नाही. मी विचारलं, "माझी नोंद?" ते म्हणाले, "आप तो बडे आदमी है, आप कहां गुमने वाले." मला ते पटलं. नियमाला धरून काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

मुली शाळेत गेल्या. मला वाटलं आता घरी परतायचं. साडू बैल सोडू लागले. तेव्हा मला कळलं की ते दिवसभर तिथेच राहतात. शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली दमणी उभी, आणि खिडकीतून गोदीची वेणी दिसेल अशा बेताने ते बसतात. दोन वर्षं हा माणूस रोज असा बसत होता आणि शेत गड्यांच्या हवाली होतं. मी म्हणालो, "अहो, बाकीची पोरं पायी येतात, त्यांना काय होतंय?"

"त्यांचे बाप निबर हायेत."

"आणि मी?"

"तुमचं आजून ठरायचंय," ते म्हणाले. "कावून घाई करता? आदी जेवा."

जेवलो. भाकरी, ठेचा, वर ताक. लिंबाची सावली दाट होती. साडू खिडकीकडे तोंड करून आडवे झाले, मी बैलांकडे तोंड करून. पहारा दोघांनी मिळून करायचा असं ठरलं होतं.

मला जाग आली तेव्हा सावली दुसऱ्या बाजूला गेली होती आणि शाळेच्या दाराला कुलूप होतं.

त्यानंतरचं मी नीट सांगू शकत नाही. साडूंनी दाराला धडका दिल्या. शेजारच्या घरातल्या म्हातारीने सांगितलं, मास्तरांना ताप भरला, पोरं कवाच सोडली. कुठं गेली? गेली घरी. आमच्या दोघी? तिला ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर त्या तीन विहिरी आल्या. ज्या कुंपणांना मी मनात हसलो होतो त्यांतला प्रत्येक काटा मला त्या क्षणी हवासा वाटला. मी ओढ्याच्या वाटेने पळावं आणि साडूंनी गाडीरस्ता बघावा, हे साधं शहाणपण दोघांनाही सुचलं नाही. आम्ही बैल जुपले आणि धावत सुटलो.

नाक्यावर दांडी आडवी. मुन्शींनी गाडीत पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा गाडीत पाहिलं. "पाटील, कागज बोलता है दो लडकियां गयां. लडकियां किधर है?"

"तेच तर म्हनतोय मी," साडू म्हणाले. "सोडा मला."

"खाली गाडी कैसी छोडूं? दो गयां, एक भी नै आयां."

"मग गाडी ठिवा. मी पळत जातो."

"गाडी छोडके गये तो जप्त. मेरी नोकरी जाती पाटील." बोलताना मुन्शीही रस्त्याकडे बघत होते. त्यांनाही मुली असाव्यात. पण कागदावरची नोंद मिटेना. साडू दांडीला धरून उभे होते. जन्मभर मी नियम पाळला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दांडी मोडून टाकावी असं मला वाटलं.

आणि मोगलाईच्या बाजूने, साडूंच्या गावाकडच्या रस्त्याने, गोदी आणि यमू चालत आल्या. दोघींच्या काखेत पाट्या, आणि गोदीच्या हातात कांदाभाकर होती.

साडू तिथेच रस्त्यात बसले. गोदीने बापाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "आबा, आमी लई वाट पाह्यली. मग घरी आलो. तुमी नाक्यावर आडकले असाल म्हनून परत आलो."

"उठवलं का न्हाई मला?"

"तुमी झोपलेले. काकाबी झोपलेले. दोघंबी घोरत व्हते." यमूने मान डोलावली. माझ्या मुलीने माझ्याविरुद्ध दिलेली ती पहिली साक्ष.

ओढ्यातून यायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली होती, असं मी मागाहून काढलं. पण प्रकरण संपलं नव्हतं. मुन्शी डोकं खाजवत होते. मुली परत आल्या होत्या, पण गाडीतून आल्या नव्हत्या. शेवटी गोदीनेच यमूचा हात धरला, दांडीखालून वाकून दोघी इंग्रजी हद्दीत गेल्या, दमणीत चढल्या आणि पाट्या मांडीवर घेऊन बसल्या. मुन्शींनी मोजलं, दांडी वर गेली, आणि मुली कायदेशीर घरी आल्या. मुन्शींनी नोंद बंद करताना डोळे पुसले. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

रात्री जेवताना साडू एकच वाक्य बोलले. "दोन बाप राखनीला, आन पोरींनी आमाला सोडवून आनलं." मेहुणीने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ही तिची मोठी मेहेरबानी.

सकाळी मी ओट्यावर आलो तेव्हा साडूंच्या हातात जू होतं. बैल उभे होते. गोदी दप्तर घेऊन समोर आली. दगड तिने उंबऱ्यापाशी काढून ठेवला होता. म्हणाली, "आबा, मी ओढ्यानं जाते. यमूबी येतीय." साडूंनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही घरचा निकाल मी द्यावा अशी त्यांची इच्छा होती. मी नको म्हटलं असतं तर त्यांनी आनंदाने बैल जुपले असते, आणि यमूला घेऊन मी बीडला परत गेलो असतो. मी काय बोललो त्याचा मला स्वतःलाच धक्का बसला. मी म्हणालो, "जाऊ द्या त्यांना."

इतर पोरं वेशीपाशी थांबली होती. दोघी त्यांच्यात मिसळल्या आणि वळणापर्यंत दिसत राहिल्या. साडू जू हातात धरून उभेच होते. म्हणाले, "मागं वळून पाह्यलं न्हाई तिनं."

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. पाह्यलं असतं तर माज्यानं ऱ्हावलं नसतं."

मग ते जू भिंतीला टेकवून शेताकडे गेले. दोन वर्षांनी दिवसा शेताकडे निघालेला धनी पाहून बांधावरचे गडी उठून उभे राहिले. मी दुपारी बीडला निघालो. गाडीवान बोलका होता, मीही बोलत होतो, पिकाचं, पाण्याचं. पाटोदा मागे पडल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझ्या यमूनेही मागे वळून पाहिलं नव्हतं. मग मी गाडीवानाशी बोलायचा थांबलो. त्याने दोनदा विचारलं, काय झालं मालक. काही नाही, म्हणालो.