गुलाबी दगडाची धूळ

बावीस वर्षं लोकांचे ओटे बसवणाऱ्या रामरावांना शहाणपण शिकवणाऱ्या गिऱ्हाइकांचा भयंकर राग यायचा. जठारपेठेतले हेमचंद्र सर तर भूगर्भशास्त्राचेच निवृत्त प्राध्यापक. नाकाला रुमाल लावून ते स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगत होते, "हा गुलाबी, तोच खरा ग्रॅनाइट! खोल जमिनीत लाखो वर्षं सावकाश निवलेला शिलारस. सत्तर टक्के सिलिका! बाजारातला काळा दगड ग्रॅनाइट नव्हेच. तुम्हाला काय कळणार?"

रामरावांनी कटर बंद केलं. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ते भिंतीला धरून उभे राहिले.

"मले पात्यावरून कळते. गुलाबी दगड पातं खाते, काळा नाई खात. पन सिलिकाची धूळ छातीत बसते, हे तुमाले कळते ना, सर? मंग घरात चिखल होते मनून पात्यावरचं धूळ बसवणारं पानी सकाळी काहून बंद करवलं?"