चढले तिथेच उतरले

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात मुंबईकर रोज कुठून कुठे जातात ते शोधतात. बसकार्डांचा आणि मोबाइलचा, नावं पुसलेला डेटा येतो. आम्ही एसीत बसून कुठली बस वाढवावी, कुठली बंद करावी ते सांगतो. आता दुसऱ्याच्या येण्याजाण्यात नाक खुपसायचं म्हटल्यावर किस्से साठणारच ना!

*

रात्री फोन असतो ते घर, दिवसा असतो ते काम, असा आमचा साधा हिशेब. पहिला नकाशा काढला, तर गोराईतले कितीतरी लोक समुद्रात राहायला! मासेमारीला गेलेली माणसं, दुसरं काय. सर शांतपणे म्हणाले, "झकास. आता लाटेवर बसस्टॉप टाका."

*

नवीन आलेल्या ऋचाने एकदा विचारलं, "पवईजवळ रोज संध्याकाळी खूप लोक येतात, बराच वेळ थांबतात आणि निघून जातात. तिथे बाग आहे का गं?"

"बाग कसली? सिग्नल आहे तो!"

*

माझ्या शेजारच्या टेबलावर संदेश. विक्रोळीच्या चाळीत एका खोलीत आई, बायको मीनल आणि हा. मीनल नर्स, कायमची नाइट ड्युटी. तिला विचारून त्याने तिच्याच फोनवर आमचा हिशेब तपासला. उत्तर आलं, घर हॉस्पिटल आणि कामाची जागा विक्रोळी! हा हसत हसत तिला सांगायला गेला. ती काही हसली नाही.

"चुकलंय काय त्यात? घरी आले की कामच असतं."

पुढचे काही दिवस संदेश स्वतःचा डबा स्वतः भरत होता.

*

बसमध्ये चढताना कार्ड लावायचं, उतरताना लावायचं. काही कार्डं चढली त्याच स्टॉपवर उतरलेली दिसायची. "असा प्रवास कोण करतं यार? मशीनची चूक आहे," म्हणत संदेशने असे सगळे प्रवास काढून टाकायचा नियम लिहिला. डेटा एकदम स्वच्छ! आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्या स्वच्छ डेटात विक्रोळीची दुपारची एक छोटी बस जवळजवळ रिकामी निघाली. 'बंद करावी' हे रिपोर्टात संदेशनेच टाइप केलं.

*

पण सरांचा एक दंडक आहे. बस बंद करा म्हणायच्या आधी तिच्यात एकदा बसून यायचं. म्हणून संदेश आणि मी दुपारी त्या गाडीत चढलो. खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन संदेशची आई!

"आये, तू? खंय चललंस?"

"खंयच नाय रे. मीनल रातपाळी करून येता, दुपारची निजता. एक खोली. माझ्या हातान भांडा वाजता, नायतर खोकलो येता. मगे मी गाडीत बसतंय. फिरान परत आपल्याच स्टॉपार उतरतंय."

"रोज?"

"रोज. तिका सांगू नको हां, वायट वाटात."

संदेश तिच्या शेजारी बसला. मग ती त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाली,

"ही गाडी बंद करतले म्हणतत. म्हणान मी चढताना, उतरताना न विसरता कार्ड लावतंय. तुमच्याच हापिसात मोजतत ना ता? माका मोजतास मां रे?"