बोटांनी फिरणारं स्टिअरिंग

माझ्या वडलांनी धाकट्या भावाला पाना फेकून मारला, त्याचं निमित्त होतं एक पंप. जुन्या जीपचं स्टिअरिंग हलकं करणारा, बॅटरीवर चालणारा पंप. अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीतून निघालेला हा पंप भावाने डिचोलीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. पाना त्याच्या कपाळाला चाटून मागच्या माडावर आदळला. भाऊ कारखान्यात फिटर, अंगाने बाबांच्या दुप्पट. पण लाटंबार्सेच्या आमच्या घरात पाऊल टाकलं की त्याची शेळी व्हायची.

"मी खाणीचो ट्रक चलवलेलो माणूस," बाबा ओरडले. "माका बायलमाणसांचा स्टेरिंग नाका!"

उमेदीची सगळी वर्षं बाबांनी खाणीवरून धक्क्यावर खनिज वाहिलं. त्या ट्रकांच्या स्टिअरिंगचं चक्र सीटवरून अर्धं उठून, छातीचा जोर लावून फिरवायचं. अंगठा चक्राच्या आत गुंतवायचा नाही, नाहीतर खड्ड्यात चाक उसळलं की अंगठा मोडलाच म्हणून समजा. ते कसब खरं होतं, मी नाकारत नाही. पण खाणी बंद पडल्या आणि ते सगळं बळ घरी आलं. सरळच सांगते, बाबा आईला मारायचे. जीप घेऊन काजूची, बाजाराची भाडी मारायला गेले की घर शांत. जीप दारात उभी असली की आईच्या गालावर बोटं उठलेली. मग त्यांचा उजवा खांदा निकामी झाला, जीपचं जड स्टिअरिंग पेलेना आणि ती दारातच राहू लागली. मारायला काय, एक हातही पुरतो.

मला मोरजीला दिलेली. "माझ्याकडे चल," म्हणून आईच्या किती विनवण्या केल्या, पण नवऱ्याचं घर सोडायचं म्हटलं की ती कानांवर हात ठेवायची. तेव्हा मी आणि भावाने ठरवलं, ती घराबाहेर पडत नाही ना, मग बाबांना बाहेर काढायचं. जीप हलकी झाली की ते पुन्हा भाड्यावर जातील आणि आई वाचेल. हसा हवं तर. मारकुट्या माणसाच्या घरात असलेच उपाय सुचतात.

पाना फेकून झाल्यावर खांद्याच्या कळेने बाबाच नरमले. आमच्यात गाडीच्या पोटाला हात घालण्याआधी राखणदाराला, गाव राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतात. बाबांनी विडा ठेवला, नारळ ठेवला आणि सगळ्यांना सुखी ठेव म्हणून देवाला बजावलं. शेजारी उभ्या आईचा ओठ कालचाच फुटलेला होता. माझं डोकं असं फिरलं की मी हात जोडलेच नाहीत.

जुन्या स्टिअरिंगचा लोखंडी दांडा गंजून घट्ट बसला होता. भावाने तो तापवला, ओढून काढायला पुलर लावला, तो काही हलेना. बाबांनी डाव्या हाताने घण उचलला आणि सुरू झाले. प्रत्येक घावाबरोबर जीप थरथरत होती, गंजाचे टवके उडत होते आणि बाबांच्या तोंडून शिव्या. एक घाव भावाच्या बोटांवर बसला. नख मुळापासून उलटलं.

"हात मधी घालतंस कित्याक?" बाबा म्हणाले आणि पुढचा घाव घातला. दांडा निघाला. तो घण हिसकावून त्यांच्याच पायावर घालावा असं मला वाटलं होतं.

बोटाला फडकं गुंडाळून भावाने दुसरा स्टिअरिंग बॉक्स बसवला, बॅटरीशेजारी पंप ठेवायला पट्टी वेल्ड केली, जाड वायर ओढली, पाइप जोडले. तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत पाइपांतली हवा काढली. पंप घूं घूं करू लागला आणि चक्र लोण्यातून फिरावं तसं फिरलं. भाऊ फडकं गुंडाळलेल्या हाताने टाळ्या पिटायचा तेवढा बाकी होता.

बाबांनी नारळ फोडला आणि आईला बाजूच्या सीटवर बसवलं. भाऊ खिडकीशी जाऊन म्हणाला, "बाबा, बोटांनीच फिरवा. जोर लावू नकात." बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फाटकातून बाहेर पडताना वळण आलं आणि ते सवयीने सीटवरून अर्धे उठले, छाती पुढे घातली आणि सगळं वजन टाकून चक्र ओढलं. खाणीच्या ड्रायव्हरशिवाय ही चूक कोणाच्या हातून झाली नसती. जीप गर्रकन वळून कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यात घुसली. चिरे बॉनेटवर कोसळले, आईचं कपाळ काचेवर आपटलं, इंजिन बंद पडलं.

बाबा जॅकची सळी घेऊन उतरले. आधी दिवा फोडला, मग काच. मग आईकडे वळले. "तूच गो अवदसा! तू बसलंस म्हणान झाला!" भावाने त्यांना मागून मिठी मारली, तर कोपर त्याच्या तोंडावर बसलं आणि तो रक्त थुंकत खाली बसला. मी सळी धरली. त्यांनी मला झटकलं तशी मी चिऱ्यांवर पडले.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. आई सरकून ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. लग्न नवं असताना बाबांनीच तिला शेतात जीप शिकवली होती. चक्र फिरेना म्हणून तिच्या थोबाडीत बसली आणि शिकणं तिथेच संपलं. ती गियर विसरली नव्हती. तिने जीप चिऱ्यांतून मागे ओढली. बाबा सळी उगारून समोर उभे राहिले.

"घाल गो आंगार! धमक आसा तर घाल!"

जीप त्यांच्यावर निघाली. आईने सरळ जावं असं मला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. बाबांच्या हातातली सळी खाली आली, पण पाय हलले नाहीत. शेवटच्या क्षणी आईने चक्र दोन बोटांनी वळवलं. जीप त्यांच्या लुंगीला घासून रस्त्यावर गेली आणि थांबली.

"बसा बेगीन," ती आम्हाला म्हणाली. आम्ही बसलो. मागून बाबा हाका मारत होते. शिव्या नव्हत्या, "थांब गो, थांब गो," एवढंच. आईने कपाळावरचं रक्त पदराने पुसलं आणि मला वाट विचारली, "मोरजीक जावक खंयसून वळूचा?"